चढती भाजणी

मराठी माणसाचं भाव करण्याचं शिक्षण तुळशीबागेत होतं, आईचं बोट धरून. दुकानदाराने चारशे म्हणायचं, आईने दीडशे म्हणायचं, त्याने कपाळाला हात लावायचा, आईने चार पावलं पुढे जायचं आणि पाचव्या पावलाला मागून हाक यायची. या सगळ्या खेळात किंमत एकाच दिशेने प्रवास करते, ती म्हणजे खाली. असं शिक्षण घेतलेल्या माणसाला साठीनंतर ऑनलाइन लिलावात नेऊन बसवलं तर त्याची मोठी पंचाईत होते. तिथे दुकानदार गप्प असतो. भाव चढवायचं काम गिऱ्हाइकांनीच करायचं, आपापसात आणि स्वखर्चाने. शेवटी ज्याने सगळ्यांत जास्त पैसे मोजले त्याच्या फोनवर संदेश येतो, ‘अभिनंदन! तुम्ही जिंकलात!’ तुळशीबागेतून सगळ्यांत जास्त पैसे देऊन आलेल्या माणसाचं कोणी अभिनंदन केल्याचं मी पाहिलेलं नाही. त्याला घरी जे ऐकावं लागतं ते निराळं असतं.

तसा लिलाव आपल्याला नवा नाही. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती व्यापारी गोळा होतात आणि उघड बोली लागते. वाशीच्या फळबाजारात हापूसचे सौदे वर्षानुवर्षं रुमालाखाली झाले. दोघं एकमेकांची बोटं दाबत राहणार, चेहरे सत्यनारायणाच्या पूजेला बसल्यासारखे, आणि आंबा ज्याच्या बागेतला तो शेजारीच उभा असून त्याला भावाचा पत्ता नाही. गावच्या जत्रेत देवाच्या नारळाची बोली लागते. तिथे तीस-चाळीस रुपयांचा नारळ काही हजारांना जातो आणि कोणी हिशेब विचारत नाही, कारण सगळ्या गावासमोर नाव झालेलं असतं. पण या सगळ्या ठिकाणी प्रतिस्पर्धी दिसतो. त्याला घाम फुटलाय, त्याचा भाऊ मागून त्याची बाही ओढतोय, आता हा फार तर एक बोली लावेल, हे सगळं कळतं. ऑनलाइन लिलावात समोर एक आकडा असतो आणि दोन अक्षरांच्या मध्ये फुल्या मारलेलं नाव. माणूस दिसत नसला की त्याच्याविषयी काय वाटेल ते वाटून घेता येतं. आमच्या दाजींनी वाटून घेतलं.

दाजी सरकारी खात्यातून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर छंद हवा असं त्यांना कोणीतरी सांगितलं, तेव्हा त्यांनी शिवराई जमवायचं ठरवलं. शिवराई म्हणजे तांब्याचं नाणं, एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. १६७४ च्या राज्याभिषेकापासूनचं हे नाणं पुढे पेशवाईतही पाडलं जात राहिलं, महाराजांच्याच नावाने. त्यामुळे उशिराच्या काळातली, ‘दुदांडी’ म्हणतात त्या प्रकारची झिजलेली शिवराई काही फार दुर्मिळ नाही. पुण्यात जुन्या बाजारात फरशीवर मांडलेल्या ढिगातून ती निवडून घेता येते, वर घासाघीसही करता येते. पण लिलावाच्या पानावर प्रत्येक शिवराई अतिदुर्मिळ असते. एकाखाली एक, ओळीने अतिदुर्मिळ.

लिलावातल्या वर्णनांची भाषा स्थळांच्या जाहिरातींवरून घेतली असावी असा मला संशय आहे. ‘वयानुरूप झीज’ म्हणजे वाचता येत नाही. ‘मूळ रंग कायम’ म्हणजे कधी धुतलेलं नाही. ‘आजोबांच्या संग्रहातून’ म्हणजे विकणाऱ्याला आजोबा होते, एवढं नक्की. ‘तपासून पाहिलेलं नाही’ हे घड्याळाखाली लिहिलेलं असेल तर ते तपासून पाहिलेलं असतं आणि बंद असतं. फोटोत वस्तू केवढीही दिसते. समई पुरुषभर उंच वाटते आणि खोक्यातून निघते ती देवघराच्या कोनाड्यात सहज मावते. उंची इंचांत दिलेली असते, अगदी खालच्या ओळीत, ‘परत घेतली जाणार नाही’ या वाक्याच्या शेजारी. नवख्याने पान खालून वर वाचायला लागावं. सगळी खरी माहिती तळाशी राहते.

दाजींनी पहिली बोली लिलाव उघडला त्याच दिवशी लावली, आंघोळ करून, नमस्कार करून. पाचशे रुपये. मुदत संपायला आठवडा होता. दुपारपर्यंत कोणीतरी साडेपाचशे केले.

“कोण हा?” दाजींनी मला फोन करून विचारलं. जणू मी त्याला ओळखत होतो.

“असेल कोणी संग्राहक.”

“मी लावलेली दिसत असताना लावली म्हणजे काय!”

त्यांनी सहाशे केले. त्याने साडेसहाशे. आठवडाभर असं पन्नास-पन्नासने चाललं. नवख्याचं हे ठळक लक्षण. जो लवकर बोली लावतो आणि थोडी थोडी लावतो, तो बाकीच्यांना सांगत सुटतो की या वस्तूत काहीतरी आहे. ज्या नाण्याकडे कोणी ढुंकून पाहिलं नसतं, त्याच्या नावापुढे ‘बोली १४’ दिसायला लागलं की पंधरावा थबकतो. दाजी आठवडाभर स्वतःच्या विरुद्ध जाहिरात करत होते आणि तीही फुकट.

खरं तर संकेतस्थळ स्वतःहून विचारत होतं, तुमची कमाल बोली सांगा. दाजींना त्यातच डाव दिसला. “म्हणजे आपले पत्ते उघडे टाकून रमी खेळायची?” मी त्यांना समजावलं की तो आकडा कोणाला दिसत नाही. तुम्ही कमाल तीन हजार दिलीत आणि दुसऱ्याची कमाल बावीसशे असली, तर यंत्र तुमच्या वतीने बावीसशेच्या वर एकच पायरी चढतं आणि थांबतं. बाकीचे पैसे तुमच्याच खिशात राहतात. तेव्हा आपल्याला वस्तू खरोखर केवढ्याची वाटते तो आकडा एकदाच, खरा खरा टाकायचा आणि फोन ठेवून द्यायचा. या पद्धतीत खोटं बोलून काही फायदा होत नाही, हे १९६१ साली कोलंबिया विद्यापीठातल्या एका अर्थशास्त्रज्ञाने गणिताने दाखवून दिलं. त्याचं नाव विल्यम विक्री, आणि या आडनावाच्या माणसाने जन्मभराचं भलं केलं ते खरेदीदारांचं. १९९६ साली त्याला नोबेल जाहीर झालं आणि तीनच दिवसांनी तो वारला.

“बघ,” दाजी म्हणाले.

यात बघण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही, पण दाजींचं मत झालं ते झालं.

या सगळ्या प्रकाराची गंगोत्री सांगायची तर १९९५ च्या सप्टेंबरात पिएर ओमिद्यार नावाच्या तरुणाने अमेरिकेत लिलावाचं एक संकेतस्थळ काढलं. पुढे त्याचंच ईबे झालं. त्यावर विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर, १४.८३ डॉलरला. ओमिद्यारने काळजीने घेणाऱ्याला विचारलं, बाबा रे, तो बिघडलेला आहे हे वाचलंस ना? त्याने कळवलं, मी बिघडलेलेच जमवतो. मला हा किस्सा फार धीर देणारा वाटतो. जगात प्रत्येक वस्तूला एक तरी गिऱ्हाईक असतं. गिऱ्हाइकं दोन निघाली की मात्र भानगड सुरू होते. आपल्याकडे २००० साली मुंबईत बाझी नावाचं असंच संकेतस्थळ निघालं, २००४ मध्ये ते ईबेने घेतलं आणि २०१८ मध्ये इथला कारभार गुंडाळला गेला. पण तोवर दोन गिऱ्हाइकांची भानगड घरोघर पोचली होती.

शेवटच्या दिवशी दाजींना कोणीतरी नवीन मंत्र दिला. बोली अगदी शेवटच्या पाच सेकंदांत मारायची, म्हणजे समोरच्याला उत्तर द्यायला वेळच मिळत नाही. मंत्र खोटा नाही. ॲल्विन रॉथ आणि ॲक्सेल ओकेनफेल्स या दोघा अर्थशास्त्रज्ञांनी २००२ साली या सवयीचाच अभ्यास छापला. ईबेवर घड्याळ ठरल्या क्षणी बंद होतं, म्हणून तिथे शेवटच्या मिनिटाला झुंबड उडते. त्या काळी ॲमेझॉनचेही लिलाव होते आणि तिथे शेवटच्या क्षणी बोली आली की मुदत दहा मिनिटांनी वाढायची, म्हणून तिथे झुंबड कमी. तात्पर्य, पाच सेकंदांचा मंत्र चालतो की नाही हे त्या त्या लिलावाच्या नियमावर अवलंबून. दाजींनी नियम वाचले नव्हते. आपल्याकडे बँकेचा लिलाव असो की नाण्यांचा, मुदत वाढण्याचंच कलम बहुतेक ठिकाणी असतं.

त्या रात्री मी तिथेच जेवायला होतो. लिलाव साडेदहाला संपणार होता. दाजींनी सव्वादहालाच ताट बाजूला सारलं, दोन चष्म्यांपैकी जवळचा लावला, पंखा बंद केला. पंख्याचा काय संबंध, असं ताईने विचारलं तर त्यांनी तिच्याकडे नुसतं पाहिलं. भाव तेव्हा चौदाशेवर होता. दाजींनी मनाशी अडीच हजारांची मर्यादा ठरवली होती आणि ती मला, ताईला आणि खालच्या वॉचमनलाही सांगून ठेवली होती. घड्याळात पाच सेकंद उरले आणि त्यांनी बोट दाबलं. पंधराशे. घड्याळाने तीन मिनिटं वाढवून दिली.

“हे काय?”

“मुदत वाढली.”

“कोणी वाढवली?”

“तुम्हीच.”

दोन मिनिटं पंचावन्न सेकंद काही झालं नाही. मग सोळाशे. म्हणजे पलीकडेही कोणीतरी मंत्र घेऊन बसला होता. मग ही तीन-तीन मिनिटांची पंगत उठेचना. अकराला भाव अडीच हजारांवर आला, तेव्हा ताई म्हणाली, “अहो, झाले अडीच हजार.” दाजी म्हणाले, “प्रश्न पैशाचा नाहीये.” हे वाक्य ऐकलं की समजावं, इथून पुढे प्रश्न फक्त पैशाचाच उरणार आहे. तीन हजारांपाशी दाजींनी समोरच्याचं वय काढलं. पस्तीसच्या आतला, आयटीतला, शिवराई म्हणजे काय याचा गंध नसलेला. साडेतीन हजारांना तो दलाल झाला. चार हजारांना तो विकणाऱ्याचाच माणूस असल्याची दाजींना खात्री पटली, आणि असं होतंही कधी कधी, विकणाराच खोट्या नावाने भाव चढवतो. पण तसं वाटलं तर बोली थांबवायची असते. दाजींनी त्याला धडा शिकवायला आणखी दोनशे चढवले. बारा वाजता, चार हजार सहाशेला, पलीकडच्याला बहुधा झोप आली.

“घेतलं!” दाजी म्हणाले. ताईने ताट झाकलं.

दुसऱ्या दिवशी बिल आलं. चार हजार सहाशे ही हातोडा पडला तेव्हाची किंमत. तिच्यावर खरेदीदाराचं कमिशन शेकडा पंधरा, कमिशनवर जीएसटी, मग विम्यासकट टपालखर्च. सगळं मिळून साडेपाच हजारांच्या पुढे. दाजींनी फोन करून यात काही कमी होईल का विचारलं. फोनवरच्या मुलीने अतिशय नम्रपणे सांगितलं की काका, हे सगळं नियमांत होतं. ज्याला पाच हजार खर्चायचेत त्याने बोली चार हजारांच्या आसपासच थांबवायची, हे उलटं गणित आधी करायचं असतं. आणि तसल्याच नाण्याचे मागच्या लिलावांतले निकाल उघडून पाहायचे असतात. मागितलेल्या किमती नाहीत, प्रत्यक्षात उठलेल्या. ते सगळं तिथेच, दोन बोटांच्या अंतरावर, फुकट असतं. बघतं कोण? जुने निकाल पाहायला जो धीर लागतो तो असता तर माणूस लिलावात कशाला गेला असता.

जिंकणाऱ्याच्या या दुखण्याचं निदान आधी तेलवाल्यांनी केलं. १९७१ साली अमेरिकेतल्या एका तेल कंपनीच्या तिघा अभियंत्यांनी मेक्सिकोच्या आखातातल्या लिलावांविषयी लिहिलं. समुद्राखाली तेल किती, हे कोणालाच ठाऊक नसतं, सगळे अंदाजच. त्यांत ज्याचा अंदाज वरच्या दिशेने सगळ्यांत जास्त फसलेला, त्याची बोली सगळ्यांत मोठी, म्हणून तो जिंकतो. पुढे याला जिंकणाऱ्याचा शाप म्हणायची पद्धत पडली. शिवराईच्या बाबतीत त्याचा अर्थ एवढाच की त्या रात्री देशभरातून जेवढ्यांनी ते नाणं पाहिलं, त्यांतल्या दाजी सोडून प्रत्येकाचं मत होतं की हे चार हजार सहाशेचं नाही.

दाजींना बरं वाटावं म्हणून मी त्यांना दिदियस युलियानसची गोष्ट सांगितली. इ. स. १९३ मध्ये रोमच्या सम्राटाच्या शरीररक्षकांनी सम्राटालाच मारलं आणि साम्राज्य लिलावात काढलं. छावणीच्या आत सल्पिसियानस नावाचा माणूस बोली लावतोय आणि तटाबाहेर उभा राहून हा युलियानस ओरडतोय. बोली दर सैनिकामागे वीस हजार सेस्टर्सवर आली, तशी याने एकदम पाच हजारांची उडी मारली, तोंडाने ओरडून आणि हाताची बोटं दाखवून. पंचवीस हजारांना रोमचं साम्राज्य त्याच्या नावावर झालं. सहासष्ट दिवसांनी तोही मारला गेला. दाजी बराच वेळ विचार करून म्हणाले, “पण मिळालं ना त्याला.”

अगदी ताजं उदाहरण हवं तर हरियाणाचं घ्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये ‘एचआर ८८ बी ८८८८’ हा गाडीचा क्रमांक ऑनलाइन लिलावात १ कोटी १७ लाखांना गेला. गाडी नव्हे, नुसती पाटी. इंग्रजी बी आठासारखा दिसतो म्हणून आठांची रांग लागते, एवढंच त्या पाटीचं कर्तृत्व. बोली लावणाऱ्याने मुदतीत पैसे भरलेच नाहीत, तेव्हा अनामतीचे ११ हजार जप्त झाले आणि क्रमांक पुन्हा लिलावात आला. इथवर ठीक होतं. पण परिवहनमंत्र्यांनी त्या गृहस्थांच्या उत्पन्नाची आणि मालमत्तेचीच चौकशी लावली. ऑनलाइन आकडा टाकताना बोटाला काही जाणवत नाही. कोटीला आणि हजाराला सारखाच स्पर्श लागतो.

दाजींचं शिवराईवर भागलं हे एका अर्थी बरंच झालं, कारण त्यानंतर काही दिवस ते वर्तमानपत्रातल्या बँकांच्या जाहीर सूचना वाचायला लागले होते. थकीत कर्जापोटी जप्त केलेले फ्लॅट बँका २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ई-लिलावात काढतात. राखीव किंमत बाजारभावापेक्षा कमी दिसते आणि वाचणाऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. त्या सूचनेतला एकच शब्दप्रयोग मी दाजींना मोठ्याने वाचायला लावला, ‘जसे आहे, जिथे आहे, जे काही आहे’. यातल्या ‘जे काही’मध्ये सोसायटीची थकबाकी येते, मालमत्ता कर येतो, विजेचं बिल येतं आणि पुष्कळदा जुने मालकही येतात, सहकुटुंब, चहा पीत बसलेले. बँकेकडे ‘सांकेतिक ताबा’ आहे असं लिहिलेलं असेल तर बँकेने दारावर नोटीस चिकटवलीय, दाराच्या आत ती गेलेली नाही. राखीव किमतीच्या साधारण दहा टक्के अनामत आधी भरायची. बोली लागली की त्याच दिवशी किंवा पुढच्या कामकाजाच्या दिवशी एकूण पंचवीस टक्के होतील इतकी भर घालायची. उरलेले पंचाहत्तर टक्के विक्री कायम झाल्यापासून पंधरा दिवसांत, बँकेने लेखी मुदत वाढवून दिली नाही तर. नाही जमलं की भरलेलं गेलं. पंधरा दिवसांत आपल्याकडे गृहकर्जाच्या अर्जावरचा फोटोसुद्धा पास होत नाही. इथे जाण्याआधी फ्लॅट डोळ्यांनी पाहावा, सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटावं, वकिलाकडून कागद तपासून घ्यावेत. यात विनोद नाही, म्हणून पुढे जातो.

सगळ्याच चढ्या बोली वेडेपणाच्या असतात असं मला म्हणायचं नाही. एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज् लिलावात नागपूरकर रघुजी भोसले यांची तलवार निघाली आणि महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत बोली लावून ती घेतली. खर्च सुमारे ४७ लाख. तिथे हात आखडता घेऊन चालत नाही, कारण रघुजींची ती तलवार पुढच्या बुधवारी पुन्हा निघणार नसते. दुदांडी शिवराई निघते. पुढच्या बुधवारीही आणि त्याच्या पुढच्याही. दाजींच्या विरुद्ध बाराला झोपी गेलेल्या त्या माणसाने पुढच्या महिन्यात तसलंच नाणं अकराशेला घेतलं. मी पाहिलं. दाजींना सांगितलेलं नाही.

२०२० साली लिलावांच्या अभ्यासासाठी पॉल मिल्ग्रोम आणि रॉबर्ट विल्सन यांना नोबेल मिळालं. विल्सन यांना विचारलं, तुम्ही स्वतः कधी लिलावात काही घेतलंय का? त्यांना काही आठवेना. मग बायकोने आठवण करून दिली, ईबेवरून आपण बर्फात घसरायचे बूट घेतले होते ते. जागतिक कीर्तीच्या या विद्वानाच्या घरात प्रत्यक्ष लिलाव कोणाच्या लक्षात होता, एवढं यावरून दिसतं.

आमच्या ताईलाही लिलावात एक वस्तू घ्यायची होती. तिला जुना पितळी सोऱ्या हवा होता. हल्लीचे हलके सोऱ्ये घट्ट भाजणीला वाकतात अशी तिची तक्रार. दाजींच्याच खात्यावर तिने तो शोधून काढला, आणि विकणाऱ्याला विचारलं की चकत्या किती, त्यांत चकलीची आहे का, दट्ट्या मूळचाच आहे का, वजन किती. जुन्या बाजारात अशा पितळेला काय पडतं ते तिला माहीत होतंच. टपालखर्च वजा करून तिने कॅलेंडरच्या मागे एक आकडा लिहिला, तोच कमाल बोलीत टाकला आणि भाजी निवडायला बसली.

रात्री दाजी म्हणाले, “अगं, संपायला दहा मिनिटं राहिलीत. कोण पुढे आहे ते तरी बघ.”

“मला सोऱ्या हवाय,” ताई म्हणाली, “माणसं बघून काय करू?”

तो सोऱ्या गेला. कोणीतरी तिच्यापेक्षा ऐंशी रुपये जास्त मोजले. दाजींना रात्रभर ऐंशी रुपये टोचत राहिले, ताई घोरत होती. तीन आठवड्यांनी तसाच दुसरा निघाला. तिने तोच आकडा टाकला. या खेपेला दुसरी बोलीच आली नाही आणि सोऱ्या सुरुवातीच्याच किमतीत घरी आला.

पार्सल दाजींनी फोडलं. “कोणीच कसं चढलं नाही?” ते म्हणाले. त्यांनी शिवराईसाठी आणलेलं भिंग काढलं, सोऱ्या खिडकीशी नेला, आतून-बाहेरून पाहिला, चकत्या एकेक करून उजेडात धरल्या, दट्ट्या वरखाली केला. कुठे तडा नाही, डाग नाही, झाळ लावल्याची खूण नाही. तासाभराने त्यांनी तो ओट्यावर ठेवला आणि मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, “काहीतरी गडबड आहे. सापडत नाहीये.”

दिवाळीत चकलीला सुरेख काटा आला. दाजींनी पहिली चकली मोडून भिंगाखाली धरली.